हंडाबुडव्याचं लॅटिन नाव

आमच्या परिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नाताळ अंकाचं काम मार्सेलिनबाई पाहतात. त्यांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "कशावर?" त्या म्हणाल्या, "तुझ्या नोकरीवर. निवृत्त झालीस तरी तू नेमकं काय करायचीस ते गावात अजून कुणाला कळलेलं नाही." हे खरं आहे. बँकेत, शाळेत, हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या बायकांना असं कुणी विचारत नाही. मला मात्र माहेरी आणि सासरी दोन्हीकडे 'मेलेल्या पाखरांच्या पायाला चिठ्ठ्या बांधणारी' म्हणत. ऐकायला विचित्र वाटलं तरी वर्णनात चूक काढता येणार नाही.

मुंबईतल्या एका जुन्या संस्थेच्या पक्षीसंग्रहात मी नोकरीला होते. संग्रह म्हणजे काचेमागे फांदीवर बसवलेले पेंढा भरलेले पक्षी नव्हेत, ते शाळेच्या सहलींसाठी. आमचे पक्षी अभ्यासाचे. लाकडी कपाटांत उथळ खण असत आणि प्रत्येक खणात पक्षी पाठीवर निजवलेले, पंख अंगाशी घेतलेले, पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस. पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर तो कुठं मिळाला, केव्हा, कुणाला आणि त्याचं शास्त्रीय नाव. कीड लागू नये म्हणून डांबरगोळ्या भरपूर. त्यांचा वास माझ्या साड्यांत इतका मुरला होता की लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची शेवटी भरायची. मला त्याचं वाईट वाटत नसे, पाय पसरून जेवता येई.

आता शास्त्रीय नावाबद्दल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा भाग सोडून पुढं जावं, पण तसं केलंत तर गंमत जाईल. नाव दोन शब्दांचं. आपण सरकारी अर्जात आडनाव आधी लिहितो तसंच पक्ष्यांचंही आडनाव आधी येतं, मग त्याचं स्वतःचं नाव. शब्द बहुतेक ग्रीक किंवा लॅटिन. भारदस्त वाटतात म्हणून लोक बिचकतात, पण उलगडून पाहिलं तर आत साधं काहीतरी निघतं. गुरांमागं हिंडणाऱ्या गायबगळ्याचं पहिलं नाव बुबुल्कस, म्हणजे गुराखी. हुदहुद पक्षी 'उप उप' असं ओरडतो म्हणून तो उपुपा. ज्या कावळ्याला आपण हाकलून दमतो त्याचं दुसरं नाव स्प्लेंडेन्स, म्हणजे झळाळणारा. नाव देणाऱ्याच्या खिडकीत तो भल्या सकाळी ओरडला नसावा एवढंच मी म्हणेन. आणि साळुंकी. दिवसभर कुजबुज, भांडणं, चेष्टा, आणि तिचं नाव ट्रिस्टिस. उदास. अंगाचा रंग मळकट म्हणून दिलं असं म्हणतात. नाव देणारे बहुतेक लोक दूरदेशी आपल्या टेबलाशी बसलेले असत आणि त्यांच्यापुढं जहाजातून आलेला मेलेला पक्षी. साळुंकी बोलकी आहे हे त्यांना कुणी सांगायचं?

आमच्याकडे नावांच्या चौकशीला लोक येत. संशोधक तर येतच, पण इतरही. एकदा वालीवहून एक कारखानदार आले. ते चपला बनवायचे आणि त्यांना मालासाठी परदेशी वाटेल असं नाव हवं होतं. आखूड हवं, ठसक्याचं हवं, कुणी आधी घेतलेलं नको. मी त्यांना खण उघडून दाखवत होते, तर पाकोळीच्या चिठ्ठीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय? एपस? मस्त आहे की." मी म्हटलं, "साहेब, याचा अर्थ बिनपायाचा. पाकोळीचे पाय इतके तोकडे की तिला पाय नाहीतच असं जुन्या लोकांना वाटलं." ते म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला ठाऊक आणि मला. गिऱ्हाईक काय ग्रीक शिकून येतंय?" पुढं त्यांनी मला एक जोड आणून दिला. चांगला टिकला. बिनपायाच्या चपला घालून मी कितीतरी दिवस कामाला गेले.

दुसरी एक रीत सांगते, कारण पुढं तिची गरज लागणार आहे. शास्त्रज्ञांची मतं बदलतात. आज एका घराण्यात टाकलेला पक्षी उद्या दुसऱ्या घराण्यात जातो, दत्तक गेल्यासारखा, आणि त्याचं नाव बदलतं. मग आम्ही नवी चिठ्ठी लिहायचो. पण जुनी कापायची नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. ती फाटकी असो, तिच्यावरचं नाव साफ चुकीचं ठरलेलं असो, ती तशीच राहू द्यायची आणि नवी तिच्याजवळ बांधायची. माझ्या खणांत असे पक्षी होते की ज्यांच्या पायात चिठ्ठ्यांचा झुबकाच झाला होता. नव्यानं आलेला प्रत्येक जण विचारायचा, चुकीचं नाव ठेवून काय फायदा? आमचे साहेब म्हणायचे, "ज्यानं ते दिलं त्याला त्या वेळी ते खरं वाटलं होतं. ते पुसायचा अधिकार आपल्याला नाही."

आता माझ्या वडिलांकडे येते, कारण लॅटिनची गोडी मला कॉलेजात नाही, पापांमुळे लागली.

सोपाऱ्याच्या पश्चिमेला आमचं गाव. घरची भातशेती, केळी-पानांची वाडी आणि वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पापा शेतकरी, पण गावात त्यांची ओळख चर्चमधला आवाज ही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये होती त्या काळात ते गायनमंडळात खालच्या पट्टीत गात. जुनी माणसं सांगतात, ते गाऊ लागले की बाकाची फळी पाठीला थरारताना जाणवायची. पुढं मिस्सा मराठीत आली. सगळ्यांना बरं झालं, सगळ्यांना कळू लागलं. पापांनाही ते पटलं होतं, पण त्यांच्या तोंडात ते शब्द तसेच राहिले. अर्थ पुरता माहीत नसलेले, पाठ असलेले शब्द. शेतात चिखलणी करताना ते ते गुणगुणत आणि बैल ऐकत.

मी नोकरीला लागले आणि संध्याकाळी घरी आले की पापा विचारत, "आज कोन भेटला?" मी नावं सांगायची. ते ती चर्चच्या उच्चारात म्हणून पाहायचे. "त्रिस्तिस," ते म्हणाले. "हा आपला हाय. पवित्र आठवड्यात गायचो." मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "एवढी वर्सं मी उदास म्हनत होतो व्हय? मना वाटला, देवाचा काय नाव असंल." त्यानंतर तो आमचा खेळच झाला. खणातून मी शब्द आणायची आणि ते चर्चमधून त्याचा भाऊबंद शोधायचे. आल्बा म्हणजे पांढरा, कोलुम्बा म्हणजे पारवा, गाल्लुस म्हणजे शिष्य पेत्रानं प्रभू येशूला नाकारलं तेव्हा आरवलेला कोंबडा. त्यांनी आयुष्यभर सांभाळलेल्या पेटीचं कुलूप मी उघडत होते, आणि आत काय निघतंय याची मलाही उत्सुकता असायची.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुज्या त्या कपाटांत हंडाबुडवा हाय का?"

हे नाव मी घरात लहानपणापासून ऐकत होते. पापांची आई ते लहान असताना तापानं गेली, त्यांना आत्यानं वाढवलं, आणि हे नाव त्या आत्यानं दिलेलं. भर पावसाळ्यात पहाटे भातातून एक आवाज येतो, हंडा पाण्यात बुडवताना येतो तसा, खोल, बुडुम बुडुम बुडुम. मी अगदी लहान होते तेव्हा तो येत असेलही, मला आठवत नाही. मला कळू लागलं तोवर आमच्या शेतांच्या पलीकडे भराव पडायला लागला होता. पापांनी तो आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "असेल की. रंग कसा?"

"मना नाय माहीत."

"मोठा का लहान? चोच कशी? पाय?"

"मी पाहिला नाय गो त्याला. आयकला."

इथं माझं घोडं अडलं. आमच्या धंद्यात ओळख चोचीपासून सुरू होते, मग पाय, मग शेपटी, मग पिसांचा रंग. आवाजाला जागाच नाही, कारण आमच्याकडचा एकही पक्षी आवाज करत नाही. आज कुणीही फोनवर आवाज लावून दाखवील, तेव्हा ती सोय नव्हती. मी अंदाजानं एकेक नाव घरी न्यायची. पापा ते दोनदा म्हणून पाहायचे, अर्थ ऐकायचे आणि मान हलवायचे. "हा तो नाय." पाहिलेला नाही, रंग माहीत नाही, आणि तरी हा तो नाही हे कसं कळतं, असं मी एकदा वैतागून विचारलं. ते म्हणाले, "नाव आयकला का तो आवाज यायला पायजे. नाय येत." मग विषय थोडे दिवस मिटायचा आणि पाऊस भरात आला की पुन्हा निघायचा. इतर कुठल्याही गोष्टीसाठी त्यांनी मला असा तगादा लावला नाही. लग्नासाठीसुद्धा नाही.

लग्न झालं आणि मी आगाशीकडे सासरी आले. घरामागे तेव्हा भातशेती होती. एका पावसाळ्यात पहाटे मी मागच्या दारी उभी होते आणि विहिरीच्या बाजूनं हंडा बुडाल्याचा आवाज आला. मला वाटलं, सासूबाई एवढ्या पावसात पाण्याला कशाला गेल्या? हाक मारणार इतक्यात त्या माझ्या मागून म्हणाल्या, "दार लाव, सर्द येते." त्या घरातच होत्या. हंडा मात्र बुडतच होता.

मी तशीच पावसात उतरले. बांधाशी बसून राहिले. उजाडल्यावर भात हललं आणि एक काळा पक्षी लांब हिरवट पाय टाकत बाहेर आला. कोंबडीएवढा, कपाळावर लालभडक शिंग. त्यानं मान फुगवली आणि त्याच्या घशातून तो हंडा बुडाला. मी याला ओळखत होते. पाणकोंबडा. खालच्या रांगेतल्या खणात तो वर्षानुवर्षं माझ्यासमोर पडलेला होता, त्याच्यावरची धूळ मीच झटकली होती. गॅलिक्रेक्स सिनेरिया.

त्याच रविवारी मी माहेरी गेले. पापा चर्चमधून येऊन कपडे बदलत होते. मी दारातूनच सांगितलं, "पापा, हंडाबुडवा सापडला." त्यांचा हात बटणावर थांबला. मी नाव सांगितलं. त्यांनी ते आपल्या पद्धतीनं म्हटलं, "गाल्लि... गाल्लुस. पेत्राचा कोंबडा. आन दुसरा? चिनेरेआ. चिनेरेस तर राखेच्या बुधवारी म्हनायचे, फादर राखेवर आशीर्वाद द्यायचे तवा." मी म्हटलं, बरोबर, राखेच्या रंगाचा. पण पापा, तो राखेच्या रंगाचा नाहीच, काळा कुळकुळीत आहे. पावसात नर काळा होतो, त्याला शिंग येतं आणि तेव्हाच तो असा ओरडतो. पाऊस सरला की शिंग जातं, रंग उतरतो आणि तो गप्प होतो. नाव देणाऱ्याच्या टेबलावर बहुधा तसला उतरलेला पक्षी किंवा मादी आली असावी.

पापा हसले. "म्हंजे त्यानं पाहिला, आयकला नाय. मी आयकला, पाहिला नाय. दोघांचा मिलून एक पक्षी."

मला आनंद इतका झाला होता की त्यांना तो दाखवल्याशिवाय मला चैन पडेना. साहेबांची परवानगी काढून मी पापांना मुंबईला घेऊन गेले. त्यांनी पांढरा सदरा घातला, पायात चर्चला जायचे बूट. आमची कपाटं, खण, डांबरगोळ्या, सगळं त्यांनी पाहिलं. पाकोळी पाहिली, हुदहुद पाहिला, साळुंकीला त्रिस्तिस म्हणून बोलावलंसुद्धा. मग मी खालचा खण ओढला आणि पाणकोंबडा हातावर घेऊन त्यांच्यापुढं धरला. ते खिडकीकडे पाहू लागले. मी म्हटलं, "पापा, हा तुमचा." त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात पुढं केला, बोटांनी चाचपत दोरा धरला आणि विचारलं, "याला बांधून कशाला ठेवलाय? तो आता कुठं जातोय?" मला वाटलं, म्हातारा माणूस, कापसाचे डोळे बघवले नसतील. मी खण लावून टाकला. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "साळुंकी चांगली होती."

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. मी निवृत्त झाले. आमच्या भातशेतीवर आता इमारती आहेत, आमच्यातल्याच लोकांनी जमिनी दिल्या, त्यामुळे बिल्डरांना शिव्या घालायचं सुख मला नाही. वाडी तेवढी राहिली आहे. बावखल अजून आहे, त्यात शेवाळ माजलं आहे. पापांनी नव्वदी ओलांडली आहे, मम्मी गेल्यापासून मी त्यांच्याकडेच जास्त असते. ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि वाडीकडे पाहतात.

मध्यंतरी ते रोज एकच म्हणू लागले. "पक्षी गेले गो बाय. एक नाय राहिला." मी हो म्हणायची. भराव पडला, झाडं गेली, पक्षी जाणारच. मग एका सकाळी ते असं म्हणत असताना त्यांच्या डोक्यावरच्या आंब्यात दयाळ गात होता, अगदी पोटभर. फुलांवर शिंजीर चिवचिवत होते. मी पापांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. पक्षी गेले नव्हते, पापांचे कान त्यांना सोडून चालले होते.

वसईत कानांची तपासणी करणाऱ्या मुलीकडे त्यांना नेलं. तिनं कागदावरची रेघ दाखवली, डावीकडून जरा बरी चाललेली आणि उजवीकडे घसरत गेलेली. "आंटी, बारीक आवाज आधी जातात. यांचे बारीक सगळे गेलेत. जाडे आवाज अजून आहेत, पण तेही किती दिवस, सांगता येत नाही." जाडे म्हणजे कसले, मी विचारलं. ती म्हणाली, "ढोल. ट्रक. खालच्या आवाजात कुणी बोललं तर." मशीन दिलं तिनं, ते पापांनी दोन दिवस लावलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. म्हणाले, त्याच्यात पंखाच ओरडतो.

मी घरी आले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. दयाळ गेला, शिंजीर गेला, कोकीळसुद्धा गेला. पण हंडाबुडवा खालच्या पट्टीत गातो, पापांसारखाच. जगातला एखादा पक्षी त्यांना अजून ऐकू येणार असेल तर तो हाच. फोनवरचा आवाज मी लावून पाहिला होता. पापांनी फोन कानाशी धरला आणि परत दिला. "यात पानी नाय," ते म्हणाले. तेव्हा खरा पक्षी हवा होता, खऱ्या भातात, आणि तोही पापांचे उरलेले कान जायच्या आत. भात कुठं राहिलंय याची मी चौकशी सुरू केली. ओळखीच्या दूधवाल्याला विचारलं, चर्चमध्ये विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. सोपाऱ्यात भातशेती विचारत हिंडणाऱ्या बाईकडे लोक कसं पाहतात ते सांगायला नको.

संतोष नावाचा रिक्षावाला नालासोपाऱ्यात राहतो, मूळचा राजापूरकडचा. तो म्हणाला, "मॅडम, फुलपाड्याच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला थोडी शेती आहे अजून. आमच्या गावासारखी. सकाळी सकाळी नेतो, नंतर ट्रॅफिक लागतो." मी आधी एकटी जाऊन आले. तीन बाजूंनी इमारती, एका बाजूला डोंगर आणि मध्ये भाताचे काही तुकडे. एका कोपऱ्यात बिल्डरची पाटी उभी होती. बांधावर उभी राहिले आणि ऐकलं. तो होता.

जुलैतली एक सकाळ. पाऊस बारीक होता. पापांना मी आणि संतोषनं मिळून रिक्षात बसवलं, गुडघ्यांवर चादर घातली. विरारचा पूल ओलांडून फुलपाड्यातून जाताना ते दोन्ही बाजूंच्या इमारती पाहत होते. "इथं कोन राहातो?" त्यांनी विचारलं. संतोष म्हणाला, "आमच्यासारखेच सगळे, बाबा. गावाकडचे." शेताशी पोचल्यावर त्यानं रिक्षा बांधाला अगदी लावून उभी केली, इंजिन बंद केलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, काही शूटिंग-बिटिंग आहे का?"

आम्ही थांबलो. भातावर पाऊस पडत होता. मागच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या पापांना ऐकू येत नव्हत्या. पक्षी गप्प होता. पाटीपाशी कालपरवाच खडीचा ढीग पडला होता. बराच वेळ गेला. मी मनात म्हटलं, आता हा ओरडला नाही तर पुढच्या पावसात शेतही नसेल आणि कानही नसतील.

तेव्हा पापांनी गळा साफ केला. मला वाटलं, पाणी हवंय. पण त्यांनी हनुवटी छातीशी नेली आणि तिथून, गायनमंडळातल्या त्या जुन्या जागेतून, आवाज काढला. बुडुम. बुडुम. बुडुम. रिक्षाचा पत्रा माझ्या पाठीला जाणवला.

भातातून उत्तर आलं. पावसाळ्यात नराला आपल्या शेतात दुसरा नर खपत नाही, हे मी पुस्तकांत वाचलं होतं आणि त्या क्षणी पार विसरले होते. आवाज जवळ आला. भात हललं आणि तो बांधावर आला, काळा, लाल शिंगाचा, मान फुगवलेला, नव्वदीच्या माणसाशी भांडायला निघालेला.

"पापा," मी त्यांचा दंड धरला, "आला. तो बघा, बांधावर. समोरच आहे."

पापांनी डोळे घट्ट मिटलेले होते.

"पापा, डोळे उघडा. जाईल तो."

"नको. मना दाखवू नको, बाय."

ते तसेच, डोळे मिटून, थांबत थांबत सांगू लागले. "मी पोर व्हतो. आय काळोखात उठायची, बावखलावर पानी भराया जायची. मी आथरुनात. जाग यायची, आय नाय. भीती वाटायची. मंग हंडा बुडायचा. त्यो आवाज आला का मना कळायचा, आय हाय. मंग झोप लागायची." भातात पुन्हा बुडुम बुडुम झालं. ते ऐकून होईपर्यंत थांबले. "आय गेली. पुढच्या पावसात पहाटेला पुन्ना हंडा बुडाला. मी उठून पलालो, बावखलाकडं. आत्यानं दारात धरला. बोलली, पोरा, आय नाय ती. पक्षी हाय. हंडाबुडवा. चल, तुला दावते." त्यांनी मान हलवली. "मी नाय गेलो. कवाच नाय गेलो बघाया. बघितला आसता तर पक्षीच झाला आसता."

आमच्याकडे नियम होता, नवं नाव आलं तरी जुनी चिठ्ठी कापायची नाही. त्या आवाजाला पहिलं नाव एका पोरानं अंथरुणात पडल्या पडल्या दिलं होतं. त्याच्यावर आत्यानं आपलं बांधलं, आणि त्यावर मी, मोठ्या हौसेनं, माझं लॅटिन. पापांनी आमची दोघींची नावं घेतली, जिभेवर घोळवली, त्यांच्यावर हसलेही. पहिलं मात्र त्यांनी कापू दिलं नाही.

मी बांधाकडे पाठ केली आणि त्यांच्याशेजारी बसले. मीही डोळे मिटले. चादरीखाली त्यांचा हात माझ्या हातात होता. भातात हंडा बुडत होता, भरत होता, पुन्हा बुडत होता.

थोड्या वेळानं पापांचा हात सैल पडला. मी दचकून पाहिलं. ते झोपले होते, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, लहान पोरासारखे. संतोषनं मागं वळून पाहिलं आणि रिक्षा सुरू करायला हात घातला. मी त्याला खुणेनं थांबवलं.